मगरींनी खाल्लेला खाटीक

माझा पहिला खून एका मंगळवारी सकाळी झाला, नाश्त्यानंतर. छातीत सुरा, तोंड उघडं, डोळे छताला. आर्व्हिड लुंड कुंचला दातात धरून म्हणाला, "नील्स, अजून जरा मर." मी अजून जरा मेलो. त्यानंतर मला विष घातलं, बुडवलं, गिरणीच्या पट्ट्यात घातलं, रेड इंडियनांचे बाण मारले. एकदा मंगळावरच्या लोकांनी किरण सोडून माझा जागच्या जागी धूर केला. त्या वेळी आर्व्हिडनं फक्त माझे रिकामे बूट रंगवले आणि बुटांतून धूर काढला. मी शेजारी बसून अनवाणी कॉफी पीत होतो. इतका सुखाचा मृत्यू पुन्हा काही आला नाही.

मी मूळचा बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवरचा आचारी. एका वादळात कोबीच्या सुपाचं पातेलं माझ्या गुडघ्यावर आलं आणि नोकरी संपली. पातेलं केवढं होतं हे सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. हिवाळ्यात आमचा कप्तान त्यात अंघोळ करायचा. सूप आधी की अंघोळ आधी, हे मी बोटीवर कुणाला कधी सांगितलं नाही. तर असा लंगडा होऊन मी बे रिजला लुंडांच्या मागच्या खोलीत राहायला आलो, आणि आर्व्हिडला आयतं प्रेत मिळालं.

ब्रुकलिनमध्ये मासिकांची मुखपृष्ठं त्याच्याइतकी भरभर रंगवणारा माणूस दुसरा नव्हता. सोमवारी काउबॉय, मंगळवारी गुप्तहेर, बुधवारी विमानं, गुरुवारी मंगळ. शुक्रवारी सगळी ओली चित्रं बगलेत मारून तो सबवेच्या गाडीनं मॅनहॅटनला मासिकवाल्यांकडे जायचा. ओली चित्रं बघून लोक कपडे सांभाळत लांब सरकायचे, म्हणून त्याला बसायला कायम जागा. एकदा एक पांढऱ्या कोटातली बाई सरकायला विसरली. तिच्या पाठीवर मी छापला गेलो, सुऱ्यासकट. ती बाई तशीच बाजार करून घरी गेली, आणि वाटेत निदान तिघांनी टोपी काढून तिच्या पाठीला आदर दाखवला.

नमुन्याला बसायला आर्व्हिड बाहेरची माणसं आणत नसे. सोनेरी केसांची, तांबड्या केसांची, काळ्या केसांची, दोरीनं बांधलेली, कड्यावरून लोंबकळणारी, सगळ्या बायका म्हणजे त्याची बायको मेबल. तोंड वासून किंचाळायच्या पवित्र्यात ती तासभर उभी राही आणि मधेच ओरडे, "वाचवाऽऽ... आर्व्हिड, ब्रेड करपतोय, बघ!" नायक म्हणजे आरशातला आर्व्हिड स्वतः. हनुवटी तेवढी कल्पनेतली.

आणि खलनायक म्हणजे कास्पर झोबेल, कोपऱ्यावरचा खाटीक.

देवानं चेहरे वाटताना दोन पाकिटांची अदलाबदल केली असावी. कुठंतरी एखादा खुनी कोकराचं तोंड घेऊन मजेत फिरत असेल, आणि त्याचा चेहरा आमच्या कास्परला आला. भुवया अशा, की त्यात चिमणीनं घरटं केलं असतं. डोळे खोल, दात मोठे. स्वभावानं मात्र मेलेल्या कोंबडीचीही माफी मागून मग मान तोडणारा. तो हसला की लहान मुलं रडत, म्हणून बिचारा दुकानात हसतच नसे. आर्व्हिडला तो चेहरा पहिल्यांदा दिसला तेव्हा आर्व्हिड पाव किलो किमा घ्यायला गेला होता. किमा तिथंच राहिला, कास्परला घेऊन घरी आला.

आता या धंद्यातली एक रीत सांगतो. ती नाही कळली तर पुढचं काहीच कळणार नाही. लोकांना वाटतं, आधी गोष्ट लिहितात आणि मग तिला शोभेल असं चित्र काढतात. उलटं होतं. चित्र आधी. आर्व्हिडला सुचेल ते आर्व्हिड काढणार, संपादक गॅफनी ते पसंत करणार, आणि मग त्याची प्रत टपालानं लेखकाकडे: हे घ्या, यावर गोष्ट लिहा. चित्रात हत्ती असला तर गोष्टीत हत्ती. एकदा एक काउबॉयचं चित्र खपेना, म्हणून आर्व्हिडनं घोडा खोडून त्या जागी रॉकेट काढलं, टोपीच्या जागी काचेचा गोळा. बुटांच्या टाचांना घोड्याला टोचायच्या आऱ्या मात्र तशाच राहिल्या. झालं! पुढच्या अंकात मंगळावर घोडे निघाले. गॅफनीच सांगायचा, कर्नल डिर्क हॅमर नावाच्या लेखकानं निमूटपणे लिहून टाकलं की मंगळावरचे घोडे जमिनीखाली राहतात, म्हणून दुर्बिणीतून दिसत नाहीत.

हे कर्नल हॅमर 'भीषण बुधवार' मासिकाचे हुकमी लेखक. मासिक दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी निघायचं. का, ते गॅफनीला माहीत. आमचा कास्पर त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर कायमचा. अंक आला की तो दुकानाच्या काचेत मटणाच्या वर टांगायचा.

"या महिन्यात मी काय केलं, नील्स?"

"बाईला मगरींच्या डोहावर टांगलंस."

"पडली का?"

"चित्रात तरी नाही पडली."

"म्हणजे मी अजून जिंकतोच आहे." आणि समाधानानं सुऱ्याला धार लावायचा.

हलवाई आपली मिठाई खात नाही. आतलं पान आमच्यापैकी कुणी कधी उलटलंच नव्हतं. आर्व्हिड म्हणे, कव्हरनंतर जे येतं ते वेष्टन. आणि कव्हरवर खलनायक नेहमीच वरचढ असतो. नायक अजून खिडकीबाहेर, बाईच्या मानेशी सुरा, मी खाली गालिच्यावर. तेव्हा गेली कित्येक वर्षं आपण न हरता चाललो आहोत, अशी कास्परची समजूत झाली तर त्यात त्याचं काय चुकलं?

एका गुरुवारी दुकानात एक नवी बाई आली. मी सॉसेजचे तुकडे चघळत कोपऱ्यात बसलो होतो. बाई चाळिशीची, आयरिश. हिरवी टोपी, टोपीत एक मोडकं पीस, आणि बोटांना टाइपरायटरची शाई. बेकरीच्या वरची खोली तिनं घेतली होती. नाव मिसेस विनिफ्रेड टुली. तिनं मान वर करून कास्परकडे बघितलं आणि हातातली पिशवी खाली सोडली.

"तुम्ही!" ती म्हणाली.

कास्पर घाबरून मागं सरला. लोक त्याला बघून दचकत, पण 'तुम्ही' कुणी म्हणत नसे.

"अहो, मागच्या महिन्यात मी तुम्हाला मगरींना घातलं!"

"घातलं म्हणजे?"

"खाल्लं त्यांनी. टोपी तेवढी वर आली."

"मला?"

"त्याच्या आधी तुम्हाला फुग्यातून ढकललं. त्याच्या आधी तुमच्याच आम्लात... ते जरा जास्तच झालं, मला नंतर वाईट वाटलं."

म्हणजे कर्नल डिर्क हॅमर ते हेच! मूळचे कर्नल तिचे यजमान. ते वारले, तेव्हा टाइपरायटरवर अर्धी गोष्ट तशीच होती. बाईनं ती पुरी करून पाठवली, मग पुढची पाठवली. गॅफनीला पत्ता नाही. उलट त्यानं कळवलं, "कर्नल, हल्ली तुमची भाषा फार मर्दानी झाली आहे. असंच चालू द्या."

कास्पर मात्र लाकडी ठोकळ्यावर मटकन बसला. "दर महिन्याला?" तो म्हणाला. "दर महिन्याला मेलो मी?"

"नियमच आहे हो तो. शेवटी खलनायक मेलाच पाहिजे."

"एकदाही सुटलो नाही?"

बाईनं त्याच्याकडे नीट बघितलं. अशा चेहऱ्याच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिनं कधी लिहिलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "अर्धा किलो यकृत द्या. आणि मिस्टर झोबेल, मी तुम्हाला नेहमी पटकन मारते. त्रास होऊ देत नाही."

त्या वाक्यावर आमचा कास्पर गेला. मगरींना जमलं नाही ते त्या बाईनं केलं.

मग दर गुरुवारी ती यायची. काउंटरवर कोपर टेकून विचारायची, "मिस्टर झोबेल, या महिन्यात पवनचक्की आहे. पात्यावर अडकवू का तुम्हाला?"

"अडकवा ना," कास्पर लाजून म्हणायचा. "तुम्हाला सोयीचं असेल तसं."

पण खरं बोलायचं ते तोंडातून येईना. मेबलनं त्याला वाक्य पाठ करून दिलं: मिसेस टुली, माझ्याशी लग्न कराल का? दुकानामागं तो ते टांगलेल्या डुकराला धडाधड म्हणून दाखवायचा. बाई समोर आली की कान लाल व्हायचे, आणि तोंडातून निघायचं, "किमा देऊ?" तीन गुरुवार गेले. तिन्ही वेळा बाई किमा घेऊन गेली.

तशात बातमी आली. क्लीव्हलँडच्या बहिणीनं तिला कायमचं राहायला बोलावलं आहे. उन्हाळा संपला की खोली सोडणार. गोष्टी काय, तिथूनही लिहिता येतात.

कास्पर एप्रनसकट आर्व्हिडच्या खोलीत घुसला. मी तेव्हा दरीत पडून मेलो होतो.

"आर्व्हिड, मला एकदा नायक कर. एकदाच. तिच्या डोळ्यांपुढं मला चांगला माणूस म्हणून जाऊ दे."

आर्व्हिडनं मनापासून प्रयत्न केला. कास्परला घोड्यावर बसवलं, हातात पिस्तूल, मागं सूर्योदय. गॅफनीनं चित्र बघितलं आणि म्हणाला, "छान. दरोडेखोर झकास आहे. नायक कुठंय?"

"हाच नायक."

"हा? अरे, याला बघून घोडाच घाबरलाय!" आणि चित्र परत.

त्या संध्याकाळी आर्व्हिड बराच वेळ पाइप ओढत बसला. मग एकाएकी म्हणाला, "मेबल, तिला चित्रात जे दिसेल त्यावर गोष्ट लिहावीच लागते ना?"

"हो."

"मग खलनायकानंच गुडघा टेकून मागणी घातली तर?"

मेबलनं हातातलं मोज्याचं विणकाम खाली ठेवलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. नवऱ्याचा मुका तिनं कधी भर दिवाणखान्यात, माझ्यासमोर घेतला नव्हता. त्या दिवशी घेतला.

दुसऱ्या दिवशी चित्र सुरू झालं. मेबल खुर्चीत, डोक्यावर हिरवी टोपी, टोपीत मोडकं पीस. ते पीस आर्व्हिडनं शेजाऱ्यांच्या कोंबड्याकडून मिळवलं आणि माझ्या हातून मोडून घेतलं. कास्पर एका गुडघ्यावर, हातात अंगठी. मी नेहमीच्या जागी, गालिच्यावर.

"कास्पर, आता तिच्याकडे प्रेमानं बघ," आर्व्हिड म्हणाला.

कास्परनं बघितलं. मी मेलेला असूनही माझ्या अंगावर काटा आला. मेबलच्या तोंडून खरी किंकाळी निघाली, ब्रेड वगैरे काही न म्हणता. तो जितकं जास्त प्रेम आणी, तितकं ते भयंकर दिसे.

"तसाच राहा!" आर्व्हिड ओरडला. "गॅफनी मरेल यावर!"

गॅफनी खरोखरच खूश झाला. म्हणाला, "असली क्रूर नजर मी जन्मात पाहिली नाही. पण धोका कुठंय? अंगठीनं कुणी मरतं का? बाईला दोरी बांध. आणि मागं काहीतरी घाल. ऑक्टोपस घाल."

"दिवाणखान्यात ऑक्टोपस?"

"मग हौद काढ दिवाणखान्यात! मी काय सांगायचं ते?"

ऑक्टोपस आणायचा कुठून? कास्परनं कांदा घातलेल्या सॉसेजच्या आठ लांबलचक माळा आणल्या. त्या आम्ही झुंबराला टांगल्या, खालून आर्व्हिडनं हिरवा दिवा लावला, आणि समुद्रातला असा राक्षस तयार झाला की तसा अस्सल समुद्रातही नसेल. रंगवून झाल्यावर आम्ही त्याचे पाच पाय रात्रीच्या जेवणात खाल्ले. चित्रातल्या बाईचा एक हात दोरीनं बांधला होता, दुसरा अंगठीसाठी मोकळा ठेवला होता. वरचा एक तृतीयांश भाग नेहमीप्रमाणे रिकामा, मासिकाच्या नावासाठी. आणि चित्र गेलं.

आठवड्यानं ते बाईच्या हातात पडलं असणार. गुरुवारी ती कोपऱ्यावर दिसली मात्र, कास्परनं सुरी टाकली आणि मटण ठेवायच्या बर्फाच्या खोलीत जाऊन आतून दार लावलं. दुकानात उरलो मी.

"नील्स, मिस्टर झोबेल आहेत?"

"आहेत. बर्फात."

"कधीपासून?"

"तुमची टोपी दिसली तेव्हापासून."

तिनं बर्फाच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. आतून दात वाजल्याचा आवाज येत होता. ती गालातल्या गालात हसल्यासारखी वाटली, पण बाईचं हसणं आणि उन्हातला मासा, दोन्ही दिसले न दिसले तोच नाहीसे होतात.

"त्या ऑक्टोपसच्या पायात कांदा दिसत होता," ती म्हणाली.

"असेल."

"मी त्यांना मारणार आहे. नियम आहे. पण त्यांना सांगा, या वेळी अंक वाचा. आतला."

पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. बाई यायची, कास्पर बर्फात. भर उन्हाळ्यात सगळ्या बे रिजमध्ये सर्दी झालेला माणूस तो एकच. तोवर गल्लीभर कुजबुज झाली होती. बेकरीवाली म्हणाली, बाईनं पेटाऱ्या झाडून उन्हात ठेवल्यात. म्हणजे जाणारच. कास्परनं ते ऐकलं आणि दिवसभर एकाही कोंबडीची माफी मागितली नाही.

ऑगस्टमध्ये अंक आला. पेपरवाल्याकडून तो मी लंगडत आणला, वाटेत उघडला नाही. कास्परला अक्षर लागेना. मेबल काउंटरवर चढून बसली. समोर सात-आठ गिऱ्हाइकं होती. त्यांतलं एकही हलायला तयार नाही.

मेबल वाचू लागली. या वेळी कास्परचं नाव होतं बॅरन ग्रिम. बॅरननं सगळ्या शहराचं पाणी विषारी केलं, बँक लुटली, मला जिन्यावरून ढकलून मारलं. गिऱ्हाइकं कास्परकडे रागानं बघू लागली. मग आला तो दिवाणखाना.

"'बॅरननं गुडघा टेकला,'" मेबलनं वाचलं. "'मागं हौदात तो आठ पायांचा राक्षस वळवळत होता. बॅरन म्हणाला, तुझा हात दे. दोरी सैल होती. ती केव्हाच सुटून पळाली असती. तिला ते माहीत होतं. ती पळाली नाही.'"

कास्परनं लाकडी ठोकळा दोन्ही हातांनी धरला.

"'तेवढ्यात छताची काच फुटली आणि नायकानं खाली उडी टाकली. ती बाई त्याला म्हणाली, तुम्ही नेहमी फार लवकर येता हो!'"

"शाब्बास!" बेकरीवाली ओरडली.

पण नियम तो नियम. झटापट झाली, बॅरनचा पाय घसरला, तो हौदात पडला. आठ पायांनी त्याला विळखा घातला. पाण्यावर बुडबुडे आले. मग तेही आले नाहीत.

"मेलो," कास्पर म्हणाला. तो शांतपणे उठला, एप्रन सोडला, खुंटीला लावला. "ती म्हणालीच होती. चला, कुणाला काय हवंय?"

"गप रे!" मेबल म्हणाली. "पान उलटायचंय अजून. हे मेले गोष्टीची शेपूट मागं कवळीच्या जाहिरातीत नेऊन टाकतात." तिनं भराभरा पानं उलटली. कवळी, दंड फुगवायचं यंत्र, टक्कल... "सापडलं! ऐका. 'पोलिसांनी हौद उपसला. राक्षस सापडला. बॅरनचं प्रेत मात्र सापडलं नाही.'"

मी उभा राहिलो. गुडघा विसरून उभा राहिलो. जन्मभर प्रेत म्हणून राबलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ दुसऱ्यानं सांगावा लागत नाही. बाईच्याच तोंडून ऐकलं होतं, कर्नल हॅमरच्या गोष्टीत कधीही, एकदाही प्रेत न सापडता राहिलं नव्हतं. मगरींकडूनही टोपी वसूल केली होती त्यांनी!

"'कुणालाच कळलं नाही तो कुठं गेला,'" मेबल वाचत होती. "'फक्त तिला ठाऊक होतं. रविवारी चार वाजता तो मागच्या जिन्यानं येईल. टोपी काढून येईल. आणि शहाणा असेल तर फुलं आणणार नाही, सॉसेज आणेल. राक्षसाचा कांद्याचा पाय तिला फार आवडला होता.' समाप्त."

कास्परनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "रविवार," तो म्हणाला. "म्हणजे परवा. मेबल, परवापर्यंत माणूस जगतो ना?"

"जगतो. बर्फाच्या खोलीत नाही गेला तर."

रविवारी आम्ही सगळे बेकरीच्या मागच्या अंगणात, योगायोगानं. कास्पर काळ्या सुटात जिना चढला, गळ्यात सॉसेजची माळ, कारण दोन्ही हातांत टोपी होती. दार उघडलं. हिरवी टोपी. कास्परनं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. खालून मेबल ओठ हलवून वाक्य सांगत होती.

"मिसेस टुली," तो म्हणाला, "किमा देऊ?"

"हो," ती म्हणाली. "जन्मभर."

गॅफनीला पोतंभर पत्रं आली: तो बॅरन कुठं गेला, पुन्हा आणा. त्यानं लगेच कर्नलना कळवलं, इथून पुढं कुणाचंही प्रेत सापडता कामा नये. तसं ते पुढं सापडलं नाही. मी सोडून. मला कायम सापडावंच लागलं.

लग्नात आर्व्हिडनं नवराबायकोला मोठं तैलचित्र भेट दिलं. अजून त्यांच्या शेगडीवरच्या भिंतीला टांगलेलं आहे, जाऊन बघा. दोघं शेजारी उभी, अगदी देखणी. पण वर एक तृतीयांश जागा मोकळी, तिथं काहीच नाही. नवऱ्याचा हात बायकोच्या खांद्यावर असायला हवा, तो चुकून मानेकडे वळला आहे. मागच्या खिडकीत पिस्तूल घेतलेला कुणी हनुवटीवाला डोकावतोय.

आणि खाली, लग्नाच्या गालिच्यावर, मी. आर्व्हिड म्हणाला, "काय करू, नील्स, हाताला तिथली जागा रिकामी ठेवायची सवयच नाही."

मीही मग जरा नीट मेलो. लग्नघर होतं, म्हणून चेहऱ्यावर हसू ठेवलं.